बंद बँकेच्या गाळ्यात मालवणी हॉटेल कसं बसवायचं

हॉटेलसाठी गाळा दाखवताना एजंट रस्त्याची वर्दळ दाखवतो, दर्शनी काच दाखवतो, समोर किती दुचाक्या लागतील ते मोजून दाखवतो. ते बघाच, पण सगळ्यात शेवटी. आधी इमारतीच्या मागे जा. मान वर करून बघा, धूर गच्चीपर्यंत कुठून जाईल. मग खाली बघा, खरकटं पाणी ड्रेनेजच्या चेंबरपर्यंत कुठून जाईल. या दोन वाटा नसतील तर त्या गाळ्यात फार तर चहा-सँडविच होईल, बांगडे तळता येणार नाहीत. फरशी, दिवे, पाटी, रंग हे सगळं पैसे टाकून बदलता येतं. धुराची वाट वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांच्या सहीशिवाय मिळत नाही.

मी पुण्यात इंटिरियरची कामं करते, आता बहुतेक हॉटेलांचीच. सगळं हवेत सांगण्यापेक्षा एकच काम धरून सांगते. कोथरूडमधला तळमजल्यावरचा गाळा, २५ फूट रुंद, ३८ फूट खोल, म्हणजे ९५० चौरस फूट कार्पेट. वर राहत्या घरांचे चार मजले. आधी तिथे एका बँकेची शाखा होती, ती दुसरीकडे गेली. घेणारे कुडाळकडचे काका-काकू, कर्वेनगरात घरून डबे द्यायचे. काका पहिल्या भेटीला वहीच्या पानावर नकाशा काढूनच आले होते. पन्नास खुर्च्या, ऐटबाज काउंटर आणि कोपऱ्यात आठ बाय दहाचं स्वयंपाकघर. मी काकूंना विचारलं, "यात तुम्ही उभ्या कुठे राहणार?" काकू म्हणाल्या, "तेच मी यांना काल रात्रभर विचारतेय."

आधी मेन्यू, मग माप

नकाशा खुर्च्यांपासून सुरू करू नका, पदार्थांपासून करा. काय काय शिजणार हे ठरलं की भट्ट्या ठरतात, भट्ट्या ठरल्या की त्यांची रांग किती फुटांची ते कळतं, आणि रांगेवरून भट्ट्यांवरचं धूर ओढणारं हूड, धूर बाहेर नेणारा पत्र्याचा डक्ट, गॅस, वीज, सगळी मापं निघतात. काकूंनी सांगितलं: भात आणि आमटी-रस्सा मोठ्या पातेल्यांत, मासे तव्यावर, वडे कढईत, तांदळाची भाकरी वेगळ्या तव्यावर, बाकी सुकं-भाजणं तीन बर्नरच्या रेंजवर. रांग भरली १२ फूट. शिवाय ओलं वाटण करायचा ग्राइंडर, मासे साफ करायला वेगळं सिंक, सोलकढीसाठी फ्रिज, आणि पातेली घासायची खोल मोरी. पातेली घासायची जागा नवे लोक हमखास विसरतात. ताटांच्या सिंकमध्ये चाळीस लिटरचं पातेलं फिरतसुद्धा नाही.

यातून स्वयंपाकघराला ३०० चौरस फूट आणि कोठाराला ७० लागले. म्हणजे एकूण जागेच्या जवळजवळ चाळीस टक्के. काकांचा चेहरा पडला, पण ताट-पद्धतीच्या जेवणाला एवढं लागतंच. कॅफेला किंवा बाहेरून तयार माल आणणाऱ्याला तीस टक्क्यांत भागतं. उरलेल्यातून स्वच्छतागृह आणि गल्ल्याची जागा गेली, बसायला ४८० राहिले. माणशी साधारण १३ चौरस फूट धरले तर ३६ खुर्च्या. काकांच्या पन्नास खुर्च्या कागदावर बसल्या असत्या, पण वाढप्याला ताट डोक्यावर घेऊन फिरावं लागलं असतं. आणि छत्तीस लोकांना वेळेवर गरम जेवण देणारं स्वयंपाकघर पन्नास लोकांना ताटकळत ठेवणाऱ्यापेक्षा जास्त कमावतं, हे काकूंना माझ्याआधीच कळलं होतं.

करारावर सही करण्याआधी

परवान्यांची लांबलचक यादी कुठेही मिळेल. मी फक्त जागेच्या रचनेवर परिणाम करणारे कागद सांगते. मालकाकडून मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र मागा, आणि तुम्ही घेताय तो भाग नकाशात 'दुकान' आहे का ते बोट ठेवून बघा. पुष्कळ गाळ्यांचा मागचा तुकडा नकाशात पार्किंग असतो किंवा साइड मार्जिनवर, म्हणजे इमारतीच्या बाजूला मोकळ्या सोडायच्या जागेवर, पत्रा टाकून आत घेतलेला असतो. तिथे स्वयंपाकघर बांधलंत आणि उद्या अतिक्रमणवाले आले, तर तुमचं हॉटेल चुलीशिवाय राहतं. मुंबईबाहेर बहुतेक महाराष्ट्रात २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागते, मुंबईत वेगळी. आर्किटेक्टला एकदा फी देऊन वापराचा प्रश्न लेखी सोडवून घ्या. परमिट रूम मनात असेल तर शाळा आणि देवळांपासूनचं अंतरही आत्ताच मोजा, बार काउंटर बांधल्यावर नाही.

लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. तर त्या नोंदवलेल्या करारातच एक कलम घालून घ्या: मागच्या भिंतीने गच्चीपर्यंत धुराचा डक्ट नेण्याची आणि गच्चीवर ब्लोअर, म्हणजे धूर ओढणारा पंखा, बसवण्याची सोसायटीची लेखी परवानगी मालकाने मिळवून दिल्याशिवाय भाडं सुरू होणार नाही. मालक "सोसायटी आपलीच आहे हो" असं म्हणाला तर कलम दुप्पट गरजेचं समजा. आमच्या कामात मालकाने कुरकुर केली, पण बँक गेल्यापासून गाळा रिकामा होता, म्हणून मान्य केलं. कामाच्या काळाचं भाडं माफ करून घेणं याच टप्प्यावर जमतं. नंतर कुणी ऐकत नाही.

धूर

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवते आणि गिऱ्हाइकांना सगळ्यात कमी रस यातच असतो.

हूड भट्ट्यांच्या रांगेपेक्षा दोन्ही बाजूंना आणि पुढे किमान सहा-सहा इंच बाहेर हवं. १२ फुटांच्या रांगेला १३ फूट लांब आणि ४ फूट खोल हूड लागलं, म्हणजे ५२ चौरस फूट. भिंतीला टेकलेल्या हूडला मी दर चौरस फुटामागे १०० सीएफएम धरते. मासे आणि वडे असतील तर त्याखाली जात नाही. झाले ५,२०० सीएफएम, म्हणजे दर मिनिटाला तेवढे घनफूट हवा ओढायची. डक्टमधून हवा मिनिटाला १,६०० फुटांच्या आसपास वेगाने गेली की तेलाचे कण वाटेत फार बसत नाहीत आणि आवाजही आटोक्यात राहतो. ५,२०० भागिले १,६००, म्हणजे सव्वातीन चौरस फुटांचा डक्ट. तो आम्ही २६ बाय १८ इंचांचा केला. हे माप एकदा हातांनी हवेत करून बघा. एवढा मोठा पेटारा चार मजले चढवायचा आहे. फॅब्रिकेटर "एक फुटाचा गोल पाइप पुरतो" म्हणाला तर त्याला हा भागाकार करून दाखवा.

रांग मागच्या भिंतीलाच लावली, कारण तिथून डक्ट सरळ बाहेर पडतो. रांग पुढे घेतली असती तर डक्ट मधल्या बीमखालून न्यावा लागला असता, आणि त्या बीमची खालची उंची साडेनऊ फूट होती. हूडची खालची कड जमिनीपासून साडेसहा फुटांवर, हूड दोन फूट उंच, त्यावर १८ इंची आडवा डक्ट, असा हिशेब बीमखालून बसतच नव्हता. म्हणून गाळा बघायला जाताना टेप घेऊन जा आणि स्लॅबची नाही, बीमच्या खालची उंची मोजा. एजंट नेहमी स्लॅबची सांगतो.

ब्लोअर कुठे बसवायचा यावर प्रत्येक कामात वाद होतो. खाली बसवला तर देखभाल सोपी, पण मग पुढचा सगळा डक्ट आतून फुगलेला राहतो आणि जिथे सांधा कच्चा तिथून तळणाचा वास दुसऱ्या मजल्याच्या बेडरूममध्ये जातो. गच्चीवर, डक्टच्या शेवटी बसवला तर सगळा डक्ट ओढीखाली राहतो, गळती झाली तरी हवा आत येते, बाहेर जात नाही. राहत्या इमारतीत मी गच्चीवरच बसवते. त्याखाली रबराचे किंवा स्प्रिंगचे पॅड, डक्टला जोडताना न जळणारं कापडी जोड, आणि जागा चौथ्या मजल्याच्या बेडरूमवर नाही तर जिन्याच्या छपराजवळ. तोंड गच्चीच्या कठड्याच्या वर. डक्ट वेल्डिंगने जोडलेल्या लोखंडी पत्र्याचा, कारण एसीसाठी वापरतात त्या पातळ जस्ती पत्र्याच्या सांध्यांतून तेल ठिबकतं. प्रत्येक वळणावर साफसफाईचं झाकण. हूडला बॅफल फिल्टर, म्हणजे वाकवलेल्या स्टीलच्या पट्ट्यांचे, जाळीचे नाहीत. जाळीत तेल साठतं आणि ते पेट घेतं.

काही ठिकाणी गच्चीपर्यंत जाताच येत नाही आणि विक्रेता विजेवर चालणारा ईएसपी फिल्टर सुचवतो. तो धूर आणि तेलाचे कण चांगले पकडतो, वास मात्र जसाच्या तसा सोडतो. पुढे कार्बन फिल्टर लावले तर वास कमी होतो, पण ते वारंवार बदलावे लागतात. डोसा-इडलीला हा उपाय चालेल, सुक्या बोंबलाला नाही.

जितकी हवा बाहेर काढाल तिच्या ऐंशी टक्के हवा गाळून आत सोडायची सोय करा, आमच्याकडे सुमारे ४,२०० सीएफएम. उरलेली वीस टक्के बसायच्या भागातून ओढली जाते, म्हणून वास तिकडे जात नाही. ताजी हवा दिली नाही तर हूड एसीची गार हवा खेचून घेतं, एसी दमतो, आणि दर्शनी दार ओढायला जड जातं. एखाद्या हॉटेलचं दार उगाच जड लागलं तर समजा की आत फ्रेश एअरचा पंखा वाचवलाय.

मुंबईत तंदूर लावणार असाल तर कोळसा डोक्यातून काढूनच टाका. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांबद्दल आदेश दिल्यावर पालिकेने तंदूरवाल्या हॉटेलांनाही गॅस किंवा विजेकडे वळायच्या नोटिसा काढल्या.

पाणी आणि ढाळ

बँकेत एक स्वच्छतागृह आणि चहाचं एक बेसिन एवढंच होतं. हॉटेलला बसण्याच्या जागेमागे दिवसाला ७० लिटर पाणी धरतात. ३६ खुर्च्या म्हणजे अडीच हजार लिटर, आणि तेवढंच पाणी तेल-मसाला घेऊन बाहेर जाणार. ते राहत्या घरांच्या ड्रेनेज लाइनमध्ये थेट सोडलंत तर पहिल्या पावसाळ्यात सोसायटी दारात उभी राहील. चेंबरच्या आधी पाण्यातलं तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप हवाच, आणि तो बाहेर, जिथे झाकण उघडून माणूस बसू शकेल तिथे. सिंकखाली सरकवलेले छोटे डबे कुणी साफ करत नाही. माशांचे खवले आणि शितं अडवायला प्रत्येक सिंकला आणि जमिनीतल्या नहाणी ट्रॅपला उचलून काढायची स्टीलची जाळी.

आमचं नशीब, गाळ्याखाली भराव होता, बेसमेंट नव्हतं. जमीन खणून चार इंची पाइप हव्या त्या ढाळाने घातले. खाली बेसमेंट असेल तर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे स्लॅबला भोक पाडून पाइप पार्किंगच्या छताला लटकवणं. त्याला सोसायटीची परवानगी लागतेच, शिवाय नव्या व्यापारी इमारतींत पोस्ट टेन्शन स्लॅब असतात. त्यात ताणलेल्या केबल असतात, एक जरी कापली गेली तरी प्रकरण जिवावर येतं. स्ट्रक्चरल इंजिनियरने स्कॅन करून जागा आखून दिल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका. दुसरा मार्ग म्हणजे स्वयंपाकघराची जमीन उचलणं. साठाला एक ढाळ धरला तर २० फुटांत ४ इंच उतार, पाइपचे स्वतःचे ४, वर फरशी. दहा इंचांची पायरी तयार होते. ही भर विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने केली तर चौरस फुटाला साधारण ४४ किलो वजन येतं, २८० चौरस फुटांत बारा टनांच्या वर. सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांनी केली तर चार टनांच्या आत. मिस्त्री सवयीने विटाच आणेल, त्याच्या हातात आकडा द्या. आणि त्या पायरीला उतार करून घ्या, नाहीतर पहिल्याच आठवड्यात रश्शाचं पातेलं जमिनीवर.

वॉटरप्रूफिंग झालं की पाणी भरून ४८ तास ठेवा, भिंतींचे खालचे कोपरे रोज बघा, मगच फरशी. फरशी खरखरीत विट्रिफाइड, सांधे इपॉक्सीचे. मोठ्या पातेल्यांच्या बल्क बर्नरसमोर फूटभर रुंद जाळीचा नाला. भिंत आणि जमीन जिथे भेटतात तिथे काटकोन नको, गोलाई हवी. भिंतीला सात फुटांपर्यंत टाइल. पॉलिश केलेला कोटा स्वस्त मिळतो म्हणून घालू नका, तेलाच्या हाताने आणि ओल्या चपलेने तो बर्फासारखा होतो.

गॅस आणि वीज

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर बेसमेंटमध्ये कधीच नाहीत, आणि शक्यतो आतही नाहीत. मागच्या मोकळ्या जागेत जाळीचा पिंजरा करून तिथून पाइपने आत. परवान्याशिवाय १०० किलोपर्यंतच साठवता येतो, म्हणजे १९ किलोचे पाच सिलिंडर. सहावा ठेवलात की नियम मोडला. पाइपचा गॅस मिळत असेल तर तो घ्या, पण बर्नरचे जेट बदलून घ्यावे लागतात, आणि गळतीचा सेन्सरही वेगळ्या जागी लागतो: एलपीजीचा जमिनीजवळ, पाइपच्या गॅसचा छताजवळ, कारण तो हलका. हे सेन्सर उलटे बसवलेली हॉटेलं मी बघितली आहेत. दिवा हिरवा दिसतो आणि सगळे निर्धास्त.

विजेच्या बाबतीत बँकेची जागा बरी असते. थ्री फेज आलेली असते, अर्थिंग चांगलं असतं. तरी मंजूर भार बिलावर वाचा आणि तुमच्या यंत्रांची बेरीज करून महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करार झाल्या झाल्या द्या. स्वयंपाकघराचा डीबी, म्हणजे विजेची वाटणी करणारा डबा, वेगळा, आणि तो भट्टीच्या भिंतीवर नको.

स्ट्राँगरूम आणि एटीएम

बँक जाताना तिजोरीचं दार काढून नेते, खोली मात्र इथेच राहते. आमच्याकडे उजव्या भिंतीला लागून फूटभर जाड काँक्रीटच्या भिंती, आतून आठ बाय नऊ. काकांना ती पाडून चार टेबलं टाकायची होती. पाडायला डायमंड कटर, राडारोडा, वरच्या घरांना हादरे, आणि इंजिनियरने तिला हात लावायला सरळ नकार दिला. मग तिचंच कोठार केलं. तांदूळ, नारळ, कोकम, मसाले. जिथे उंदीर शिरायला भोकच नाही अशी कोरडी खोली हॉटेलवाल्याला पैसे देऊनही मिळत नाही. डीप फ्रीझर मात्र तिथे ठेवू दिले नाहीत. बंद खोलीत कॉम्प्रेसरची गरमी बाहेर पडत नाही आणि शेजारचं तांदळाचं पोतं तापतं. तिचं दार हॉलच्या बाजूला उघडत होतं, म्हणून स्वयंपाकघराची भिंत तेवढ्या भागात पुढे आणून दार आत घेतलं. त्यात एक टेबल गेलं.

एटीएमच्या खोलीचं पार्सल काउंटर केलं. बाहेरून वेगळं दार, आतून स्वयंपाकघराकडून येणारी छोटी खिडकी. डिलिव्हरीची मुलं जेवणाऱ्यांच्या पाठीशी उभी राहत नाहीत आणि त्यांनाही पावसात थांबायला छप्पर मिळतं. एटीएममुळे उताराचा रॅम्पही आधीच होता. तो नसता तर? जोत्याची उंची दीड फूट असेल तर बारास एक या चढाने १८ फूट रॅम्प लागतो. बहुतेक गाळ्यांसमोर एवढी जागाच नसते, म्हणून हेही सही करण्याआधीच मोजायचं.

बसायची जागा

इथे मी कमी बोलते, कारण इथे सगळेच बोलतात. दोघांची टेबलं करा, जोडली की चौघांची होतात. मुख्य वाट तीन फूट. भिंतीला लागून बाक केला तर खुर्च्या मागे ओढायची जागा वाचते.

दोन गोष्टी मात्र मालवणी जेवणासाठी खास. टेबलावर संगमरवर, कडप्पा, कोटा यांतलं काही नको. तिन्ही चुनखडीच्या जातीचे, सोलकढी सांडली की कोकमाचं आम्ल त्यांना खातं आणि चट्टे पडतात. ग्रॅनाइट किंवा चांगला लॅमिनेट. आणि हात धुवायचं बेसिन स्वच्छतागृहाच्या बाहेर, उघड्यावर, किमान दोन. आपण हाताने जेवतो. जेवण झालेल्या माणसाला रांगेत उष्टा हात धरून उभं करायचं नाही. स्वच्छतागृहाचं दार स्वयंपाकघराकडे उघडता कामा नये, अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांतलं परिशिष्ट ४ तेच सांगतं. आमच्याकडे बँकेच्या स्वच्छतागृहाचं दार नेमकं तसंच येत होतं, ते फिरवून बोळात आणलं.

दिवे पिवळसर, २,७०० ते ३,००० केल्विन, आणि रंग खरे दाखवणारे, म्हणजे सीआरआय ९० च्या आसपासचे. पांढऱ्या थंड उजेडात सोलकढीचा गुलाबी रंग राखाडी दिसतो. स्वयंपाकघरात उलट, स्वच्छ पांढरा उजेड, म्हणजे मासा ताजा आहे का ते दिसतं. बँकेचं चौकोनी तुकड्यांचं छत आम्ही पुढच्या भागात ठेवलं, ते आवाज शोषतं. पण पासच्या, म्हणजे ताटं बाहेर देण्याच्या, खिडकीजवळचे तुकडे काढले, तिथे त्यांनी तेलाचा वासही शोषला असता.

आग

२९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईच्या कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबना आग लागली आणि १४ माणसं गेली. त्यांतली बरीच स्वच्छतागृहात अडकली होती. म्हणून मी बांबू, गवत, कापडी छत असली सजावट हॉटेलात करत नाही, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी. मागचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, आणि त्याच्यासमोर कांद्याची पोती नाहीत. स्वयंपाकघरात तेलाच्या आगीसाठी वेट केमिकलचा आग विझवायचा सिलिंडर, ज्याला दुकानदार के टाइप म्हणतो. पेटलेल्या कढईवर पाणी मारायचं नाही हे कामाला येणाऱ्या प्रत्येक मुलाला हातात सिलिंडर देऊन शिकवा. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं नमुना ब प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून द्यावं लागतं. त्या एजन्सीला नकाशा ठरतानाच बोलवा, नाहीतर फॉल्स सीलिंग झाल्यावर ती पाइपसाठी ते फोडायला लावते.

उद्घाटनाआधीची चाचणी

आमंत्रणपत्रिका छापण्याआधी एक दिवस सगळं एकदम चालवा. सगळ्या भट्ट्या पेटवून, एसी लावून, गीझर लावून, ग्राइंडर फिरवून. मुख्य एमसीबी पडतो का बघा. हूडच्या कडेला उदबत्ती धरून धूर आत ओढला जातो का ते दोन्ही टोकांना बघा, मधे सगळ्यांचंच ओढलं जातं. सगळे सिंक भरून एकाच वेळी बूच काढा आणि नहाणी ट्रॅपमधून पाणी वर येतं का पाहा. मग भरपूर सुके बोंबील भाजा आणि कुणालातरी चौथ्या मजल्यावर चहाला पाठवा. आमच्याकडे काकू स्वतः गेल्या. वरच्या आजींनी विचारलं, "हॉटेल कधी सुरू करताय?" काकू म्हणाल्या, "तासाभरापासून बोंबील भाजतायत खाली." आजींना पत्ताच नव्हता.

यानंतर डक्ट साफ करणाऱ्याशी वर्षाचा करार करा. बॅफल फिल्टर रोज रात्री गरम पाण्यात, ग्रीस ट्रॅप आठवड्याला, डक्ट आतून किमान सहा महिन्यांनी. पाइप, केबल आणि गॅसची लाइन जमिनीत-भिंतीत कुठून गेली याचे फोटो फरशी पडण्याआधी काढलेले असतील, ते छापून लॅमिनेट करा आणि डीबीच्या दाराच्या आतून चिकटवा. पुढच्या वेळी भोक पाडायला येणारा माणूस तुमच्या फोनमधले फोटो बघणार नाही.